लॅरी डोबी: सेकंड बेसवरून सेंटर फील्डला, एका हिवाळ्यात

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुमच्या पाचवीतल्या मुलाला शाळेच्या प्रोजेक्टला लॅरी डोबी हा जुना अमेरिकन बेसबॉल खेळाडू आलाय, आणि तुम्ही दोघांनी जे काही वाचलं त्यात फिरून फिरून एकच ओळ, "जॅकी रॉबिन्सननंतर मेजर लीगमध्ये आलेला दुसरा कृष्णवर्णीय खेळाडू". (मेजर लीग म्हणजे अमेरिकेतलं सगळ्यात वरच्या पातळीचं बेसबॉल.) मग मुलाने विचारलं की तो खेळाडू म्हणून खरंच मोठा होता का, की दुसरा आला म्हणून फक्त नाव राहिलं? आणि त्याचं .२८३ बॅटिंग ॲव्हरेज हे चांगलं की साधंच?

मी मूळचा सांगलीचा, कॉलेजपर्यंत क्रिकेट खेळलो, बाउंड्रीवर फील्डिंग करायचो. न्यूजर्सीत येऊन २४ वर्षं झाली आणि त्यातली १७ वर्षं शनिवार-रविवार मुलांना बेसबॉल शिकवण्यात गेली, त्यातही मुख्यतः आउटफील्ड, म्हणजे बेसच्या मागचा लांबचा भाग. त्यामुळे माझं उत्तर त्या बाजूने येणार हे आधीच सांगतो, कारण डोबीकडे मी ज्या कारणासाठी बघतो ते कारण बऱ्याच लेखांत एका वाक्यात उरकलेलं असतं.

तर उत्तर असं की तो फार मोठा खेळाडू होता, आणि "दुसरा" या शब्दामागे त्याचं सगळ्यात अवघड काम झाकलं जातं. १९४७ च्या जुलैत तो सेकंड बेसमन (इनफील्डमध्ये, म्हणजे बेसच्या आसपास, दुसऱ्या बेसजवळ उभा राहणारा) म्हणून मेजर लीगला आला, त्या सिझनला २९ मॅचमध्ये ३२ ॲट-बॅट (बॅटिंगच्या मोजल्या जाणाऱ्या पाळ्या), ५ हिट (बॉल मारून बेसवर पोहोचणं), ॲव्हरेज .१५६, आणि खेळायला जागाच नाही. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये तोच माणूस वर्ल्ड सिरीज (सिझनच्या शेवटची विजेतेपदाची सिरीज) जिंकणाऱ्या टीमचा सेंटर फील्डर, म्हणजे आउटफील्डच्या मधोमध उभा राहणारा, होता, ॲव्हरेज .३०१. मधे फक्त एक हिवाळा आणि एक स्प्रिंग ट्रेनिंग, म्हणजे सिझनआधीचा सराव. मी मुलांना इनफील्डवरून आउटफील्डला हलवतो तेव्हा काय होतं ते रोज बघतो, म्हणून मला हे वाचून आजही विश्वास बसत नाही.

आता जरा सुरुवातीपासून. जन्म १३ डिसेंबर १९२३, साउथ कॅरोलायनातलं कॅमडेन गाव. वडील घोड्यांची देखभाल करायचे आणि स्वतः बेसबॉल चांगले खेळायचे, पण लॅरी लहान असतानाच ते पाण्यात बुडून गेले. पुढे चौदाएक वर्षांचा असताना तो आईकडे न्यूजर्सीत पॅटर्सनला आला. आपल्यापैकी बरेच जण पॅटर्सन फक्त धबधब्यासाठी ओळखतात, पण ते रेशीम गिरण्यांचं कामगारांचं शहर, आणि तिथल्या ईस्टसाइड हायस्कूलमध्ये हा मुलगा बेसबॉल, बास्केटबॉल, फुटबॉल, ट्रॅक सगळंच खेळायचा. धबधब्याला लागूनच हिंचक्लिफ स्टेडियम आहे, १९३२ चं, तिथे त्याची नेवार्क ईगल्ससाठी ट्रायआउट झाली. ईगल्स म्हणजे निग्रो लीगमधली टीम, कारण तेव्हा कृष्णवर्णीय खेळाडूंना मेजर लीगचं दार बंद होतं. १९४२ मध्ये तो ईगल्सकडून "लॅरी वॉकर" या नावाने खेळला, खोटं नाव अशासाठी की पैसे घेऊन खेळतो हे उघड झालं असतं तर कॉलेजसाठीचा अमॅच्युअर दर्जा गेला असता.

मग नेव्ही. पॅसिफिकमध्ये उलिथी नावाच्या बेटांवर पोस्टिंग असताना त्याने रेडिओवर ऐकलं की ब्रुकलिन डॉजर्सनी जॅकी रॉबिन्सनला साइन केलंय आणि मॉंट्रियलच्या त्यांच्या खालच्या टीमला पाठवलंय. तोपर्यंत डोबीच्या डोक्यात पुढे पॅटर्सनमध्येच शिक्षक आणि कोच व्हायचं असा बेत होता. १९४६ मध्ये परत आला, ईगल्सकडून सेकंड बेसला, शेजारी मॉंटी आयर्विनसारखा खेळाडू, आणि त्या वर्षी ईगल्सनी कॅन्सस सिटी मोनार्क्सना सात मॅचच्या सिरीजमध्ये हरवून निग्रो वर्ल्ड सिरीज जिंकली.

१९४७. क्लीव्हलंडचा (तेव्हाचे इंडियन्स, आताचे गार्डियन्स) मालक बिल व्हेक याला अमेरिकन लीगमधला (मेजर लीगचे दोन भाग, नॅशनल लीग आणि अमेरिकन लीग, डॉजर्स पहिल्यात आणि क्लीव्हलंड दुसऱ्यात) पहिला कृष्णवर्णीय खेळाडू आणायचा होता. इथे एक गोष्ट मुलाच्या प्रोजेक्टमध्ये आवर्जून घालायला सांगा. डॉजर्सच्या ब्रँच रिकीने रॉबिन्सनसाठी मोनार्क्सना एक डॉलरही दिला नव्हता. व्हेकने मात्र ईगल्सना पैसे दिले, १०,००० डॉलर, आणि डोबी टीममध्ये टिकला तर वर ५,०००. ईगल्सच्या बाजूने हा सौदा करणारी बाई म्हणजे एफा मॅन्ली, टीमची सहमालकीण, जी ठामपणे बोलली की आमच्या खेळाडूला किंमत आहे आणि ती मिळाली पाहिजे. २००६ मध्ये ती बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये (बेसबॉलमधल्या थोरांचा सन्मान होतो तिथे) गेली, तिथे गेलेली पहिली आणि आजवरची एकमेव स्त्री.

आता दिवस मोजा. रॉबिन्सनला १९४५ च्या ऑक्टोबरमध्ये साइन केलं, १९४६ चा पूर्ण सिझन मॉंट्रियलला मिळाला, मग १९४७ चं स्प्रिंग ट्रेनिंग, आणि १५ एप्रिलला ब्रुकलिनमध्ये पदार्पण. तेव्हा तो २८ वर्षांचा. डोबी २३ वर्षांचा, ४ जुलैला ईगल्सकडून शेवटचं खेळला, रात्रीच्या ट्रेनने शिकागोला गेला आणि ५ जुलैला कोमिस्की पार्कमध्ये क्लीव्हलंडचा युनिफॉर्म घालून बसला. मधे मायनर लीग (खालच्या पातळीचं बेसबॉल) नाही, सराव नाही, ओळख नाही. निग्रो लीगमधून थेट मेजर लीगमध्ये आलेला तो पहिला. रॉबिन्सनचं धैर्य कमी होतं असं मी अजिबात म्हणत नाही, त्याने दार उघडलं हे खरंच, पण दोघांतलं अंतर अकरा आठवड्यांचं, आणि या अकरा आठवड्यांत अमेरिका काही बदललेली नव्हती, त्यात डोबीचं लीगही वेगळं, तिथल्या एकाही टीमकडून अजून असा खेळाडू खेळला नव्हता.

मॅनेजर (बेसबॉलमध्ये टीमचा मुख्य कोच) लू बूड्रो, जो स्वतः शॉर्टस्टॉपही (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधला खेळाडू) खेळायचा, त्याने डोबीला लॉकर रूममध्ये एकेकाची ओळख करून दिली. बहुतेकांनी हात मिळवला, काहींनी मिळवला नाही. डोबीने हे पुढे बऱ्याचदा सांगितलंय. मैदानावर वॉर्म-अपला सगळे जोडी जोडीने बॉल फेकत होते आणि हा एकटा उभा, तेव्हा जो गॉर्डन नावाचा सेकंड बेसमन पुढे आला आणि म्हणाला चल फेकू या. म्हणजे बघा, ज्याच्या जागेवर हा मुलगा खेळतो तोच माणूस पुढे आला. सातव्या इनिंगला (मॅच नऊ इनिंगची असते) पिंच हिटर, म्हणजे दुसऱ्याच्या जागी बॅटिंग करणारा, म्हणून डोबीला पाठवलं, आणि तो स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन आउट, झाला.

इथे एक गोष्ट सगळीकडे सांगितली जाते की डोबीनंतर गॉर्डन मुद्दाम तीनदा बॅट फिरवून आउट झाला आणि डोबीशेजारी बेंचवर जाऊन बसला, त्याला एकटं वाटू नये म्हणून. गोष्ट गोड आहे पण खरी नाही, डोबी बॅटिंग करत होता तेव्हा गॉर्डन थर्ड बेसवर उभा होता. मुलाने प्रोजेक्टमध्ये ही घालू नये. खरी गोष्ट वॉर्म-अपची, आणि ती पुरेशी मोठी आहे.

दुसऱ्या दिवशी त्याला फर्स्ट बेसला उभं केलं. फर्स्ट बेसला वेगळा, मोठा मिट लागतो आणि तो डोबीकडे नव्हता, उसना आणावा लागला. त्या मॅचमध्ये पहिला हिट मिळाला, पण त्यानंतर उरलेला सिझन बहुतेक बेंचवर. सेकंडला गॉर्डन, शॉर्टला बूड्रो, दोघेही पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेलेले, मग याला खेळवणार कुठे? रोज खेळायची सवय असलेला मुलगा आठवड्यातून एकदा-दोनदा पिंच हिटर म्हणून उठतो, थंड हाताने जातो, मेजर लीगचा पिचर (आपला बॉलर) समोर, आणि स्टँडमधून काय काय ऐकू येतं ते वेगळंच. .१५६ हा आकडा अशा परिस्थितीतला आहे, तो बघून कोणी मत बनवू नये.

सिझन संपताना क्लीव्हलंडचा अनुभवी कोच बिल मॅकेक्नी याने त्याला सांगितलं की पुढच्या वर्षी टीममध्ये राहायचं असेल तर आउटफील्ड शिक.

आता हे वाचायला सोपं वाटतं. आपल्याकडे क्रिकेटमध्ये स्लिपमधल्याला डीपला पाठवला तर तो काय कॅच घेणारच नाही का, असं वाटतं. मलाही सुरुवातीला तसंच वाटायचं. बेसबॉलमध्ये मात्र ते जवळजवळ दुसरं काम आहे. सेकंड बेसला बॉल जमिनीवरून येतो, झपकन येतो, तुम्ही गुडघे वाकवून, ग्लोव्ह खाली, बॉलकडे पुढे जाता, छोटी छोटी पावलं, आणि फेकायचं अंतर कमी म्हणून हात बाजूने, मनगटाने, झटक्यात. शरीराला एक गोष्ट पक्की बसते की बॅटचा आवाज आला की पुढे सरकायचं. सेंटर फील्डला हीच सवय घात करते. बॉल उंच उडालाय, तुम्ही शंभर मीटरवर, बॅटचा आवाज आला आणि तुम्ही सवयीने दोन पावलं पुढे गेलात, आणि बॉल तुमच्या डोक्यावरून मागे. त्या दोन पावलांची भरपाई होत नाही.

त्यातही सगळ्यात वाईट म्हणजे अगदी सरळ तुमच्याकडे मारलेला कडक लाइन ड्राइव्ह, म्हणजे फार उंच न जाता सपाट येणारा फटका. बाजूला मारलेल्या बॉलचा कोन दिसतो, त्यावरून किती लांब जाणार ते समजतं, सरळ येणाऱ्याला कोनच नाही, तो नुसता एक ठिपका असतो आणि मोठा होत जातो, तो पुढे पडणार की मागे जाणार हे कळायला अर्धा सेकंद लागतो आणि तेवढा वेळ नसतो. माझ्याकडे एक बारा वर्षांचा मुलगा होता, सेकंडला फार चांगला, टीमच्या गरजेसाठी मी त्याला सेंटरला हलवला, आणि पहिल्याच मॅचला असा एक बॉल त्याच्या डोक्यावरून गेला, तीन रन झाल्या. परत जाताना तो गाडीत रडला, त्याच्या वडिलांनी मला रात्री फोन केला. चूक माझी होती, मी त्याला पाऊल मागे टाकायचं दहा दिवसच शिकवलं होतं. पहिलं पाऊल नेहमी मागे, कंबर उघडून, मग बॉल पुढे पडणार असेल तर पुढे पळणं सोपं असतं, उलटं नाही. हे डोक्याला एका दिवसात कळतं, पायांना कळायला महिने लागतात.

आणखी बारीक गोष्टी आहेत. टाचांवर पळालं तर डोळे हलतात आणि बॉल हवेत थरथरतो असं दिसतं, म्हणून चवड्यांवर पळायचं. दुपारी सूर्य कुठे असतो, ग्लोव्हने सावली कशी करायची. कुंपणाजवळ जाताना नजर बॉलवर ठेवून एका हाताने कुंपण चाचपायचं. थ्रो हात वरून आणून, बॉलच्या शिवणीवर दोन बोटं बरोबर बसवून, आणि कटऑफ मॅनच्या (मधे उभा राहून थ्रो पुढे पोहोचवणाऱ्याच्या) छातीच्या उंचीवर, उगाच उंच कमान काढून नाही. आणि कुठला पिचर टाकतोय त्याप्रमाणे उभं राहायचं, क्लीव्हलंडच्या बॉब फेलरचा वेगवान बॉल असेल तर बॅट उशिरा येते, बॉल उलट्या बाजूला जातो. हे सगळं डोबीने १९४८ च्या स्प्रिंगमध्ये ॲरिझोनातल्या टूसॉनला शिकायला घेतलं, आणि तेही मेजर लीगच्या पातळीवर, जिथे चूक झाली तर ती दुसऱ्या दिवशीच्या पेपरात.

शिकवणारा मात्र मिळाला तो सर्वात थोर. ट्रिस स्पीकर, क्लीव्हलंडचाच जुना सेंटर फील्डर, १९२० ची वर्ल्ड सिरीज खेळाडू-मॅनेजर म्हणून जिंकलेला. आउटफील्डमधून थ्रो करून आउट केलेल्यांची त्याची संख्या ४४९, हा विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे. स्पीकर इतका पुढे, सेकंड बेसच्या मागेच, उभा राहायचा आणि तिथून मागे पळून बॉल पकडायचा, म्हणजे मागे जाण्याचं शास्त्र त्याच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. स्पीकर टेक्ससचा, जन्म १८८८ चा, तिथल्या त्या काळात वाढलेला माणूस, आणि त्याने या २४ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला तासन् तास फ्लाय बॉल मारून मारून शिकवलं. मी कोच आहे म्हणून असेल, पण डोबीच्या सगळ्या गोष्टीत मला डोळ्यासमोर येतं ते हेच चित्र, वाळवंटातलं मैदान, साठीचा म्हातारा आणि तो मुलगा, परत, परत, आणि परत.

आणि संध्याकाळी? टीमच्या हॉटेलमध्ये डोबीला खोली नव्हती. बाकीचे हॉटेलवर, हा गावातल्या एका कृष्णवर्णीय कुटुंबाकडे. जेवणाच्या टेबलावर, लॉबीत बसून खेळाडू दिवसभराच्या चुकांवर बोलतात, अर्धं शिक्षण तिथे होतं, ते याला मिळत नव्हतं. सिझनमध्येही तेच, वॉशिंग्टन आणि सेंट लुईला वेगळं हॉटेल, शिकागोला पदार्पणाच्या दिवसांतही वेगळं. एकदा सेकंडवर स्लाइड केल्यावर समोरच्या टीमचा खेळाडू त्याच्या तोंडावर थुंकला, हे डोबीने स्वतः पुढे सांगितलंय. व्हेकने त्याला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं की कुठल्याही चिथावणीला उत्तर द्यायचं नाही. दिलं नाही.

१९४८ ला सुरुवातीला राइट फील्ड, मग सेंटर. १२१ मॅच, .३०१, १४ होमरन (कुंपणापलीकडे मारलेला फटका, आपल्या सिक्सरसारखा), ६६ आरबीआय (त्याच्या बॅटिंगवर टीमला मिळालेल्या रन). क्लीव्हलंड आणि बोस्टन रेड सॉक्स बरोबरीत संपले, ४ ऑक्टोबरला एक जादा मॅच झाली, क्लीव्हलंड जिंकलं आणि वर्ल्ड सिरीजला बोस्टनच्याच दुसऱ्या टीमसमोर, ब्रेव्ह्जसमोर, गेलं. ९ ऑक्टोबर, चौथी मॅच, क्लीव्हलंडचं म्युनिसिपल स्टेडियम, ८१,८९७ प्रेक्षक. समोर जॉनी सेन, ब्रेव्ह्जचा सर्वोत्तम पिचर. तिसऱ्या इनिंगला डोबीने होमरन मारला, वर्ल्ड सिरीजमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूने मारलेला पहिला होमरन. मॅच २-१ ने संपली, म्हणजे त्याच रनवर. पूर्ण नऊ इनिंग पिचिंग करणारा स्टीव्ह ग्रोमेक आणि डोबी लॉकर रूममध्ये एकमेकांच्या गळ्यात पडले, गालाला गाल लावून, आणि तो फोटो देशभर छापून आला. आज आपल्याला त्या फोटोत काहीच विशेष दिसत नाही, दोन पोरं मॅच जिंकून हसतायत. १९४८ साली गोरा आणि काळा माणूस असे मिठी मारलेले पेपरात दिसत नव्हते. डोबी आयुष्यभर त्या फोटोबद्दल बोलायचा, होमरनपेक्षाही जास्त. सिरीज क्लीव्हलंडने सहा मॅचमध्ये जिंकली, डोबीचं ॲव्हरेज .३१८. दोन वर्षांत निग्रो वर्ल्ड सिरीज आणि मेजर लीगची वर्ल्ड सिरीज, दोन्ही. टीममध्ये जुलैपासून पिचर सॅचेल पेजही आला होता, तोच जो १९४६ ला मोनार्क्सकडून त्याच्याविरुद्ध होता.

आता .२८३ चा मुद्दा. आपण क्रिकेटवाले ॲव्हरेज म्हटलं की पन्नास, साठ असं बघतो. इथे .२८३ म्हणजे हजार ॲट-बॅटमध्ये २८३ हिट, आणि .३०० च्या वर करिअर संपवणारे मोजकेच. पण डोबीचा मोठेपणा ॲव्हरेजमध्ये पूर्ण दिसत नाही कारण ॲव्हरेज वॉक मोजत नाही. पिचरने चार बॉल झोनबाहेर टाकले की बॅटर फुकट फर्स्ट बेसला जातो, तो वॉक, आणि डोबीने ८७१ वॉक काढले. तेही धरून तो बेसवर पोहोचण्याचं प्रमाण .३८६, ते मात्र फार चांगलं आहे. १९५० ला तर त्यात तो लीगमध्ये पहिला होता, .४४२, ॲव्हरेज .३२६, २५ होमरन, १०२ आरबीआय. वर ताकद, करिअरमध्ये २५३ होमरन. एकूण बॅटिंगचा एक आकडा काढतात ज्यात त्या काळच्या लीगची सरासरी १०० धरतात आणि मैदानाचा परिणाम काढून टाकतात, त्यात डोबी १३६. म्हणजे सरासरी बॅटरपेक्षा ३६ टक्के सरस, आणि हा आकडा सेंटर फील्डरचा, ज्याच्याकडून आधी फील्डिंगची अपेक्षा असते. स्ट्राइकआउट व्हायचा खूप, ते खरं, त्या काळी स्ट्राइकआउटला लाज मानायचे म्हणून त्याच्यावर टीकाही व्हायची.

१९४९ ते १९५५ सलग सात वर्षं ऑल-स्टार. १९४९ च्या ऑल-स्टार मॅचमध्ये पहिल्यांदा कृष्णवर्णीय खेळाडू दिसले, रॉबिन्सन, कॅम्पनेला, न्यूकम आणि डोबी, पहिले तिघे डॉजर्सचे, अमेरिकन लीगकडून एकटा डोबी. १९५२ मध्ये ३२ होमरन मारून लीगमध्ये पहिला, १०४ रन काढून त्यातही पहिला. १९५४ मध्ये परत ३२ होमरन आणि १२६ आरबीआय, दोन्हीत लीगमध्ये पहिला, क्लीव्हलंडने १५४ पैकी १११ मॅच जिंकल्या, आणि एमव्हीपीच्या (लीगमधला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू) मतदानात तो योगी बेराच्या मागे दुसरा आला. मला प्रामाणिकपणे वाटतं की ते वर्ष डोबीचं होतं, पण मतं क्लीव्हलंडच्याच तीन-चार खेळाडूंत विभागली गेली.

त्याच वर्षी जुलैमध्ये वॉशिंग्टनविरुद्ध त्याने सेंटरच्या कुंपणावर उडी मारून, मागच्या बुलपेनच्या (राखीव पिचर वॉर्म-अप करतात ती जागा) छपरावर एक हात टेकून होमरन जाणारा बॉल पकडला. सेकंड बेसमन म्हणून आलेला माणूस, सात वर्षांत. मी वर लिहिलेलं, एका हाताने कुंपण आणि नजर बॉलवर, ते सगळं त्या एका कॅचमध्ये आहे.

१९५४ ची वर्ल्ड सिरीज मात्र वाईट गेली, तेही सांगायला हवं. न्यूयॉर्क जायंट्सनी क्लीव्हलंडला चार शून्य हरवलं, डोबीचे १६ पैकी २ हिट. पहिल्या मॅचमधला जायंट्सच्या विली मेजचा कॅच तुमच्या मुलाने नक्की बघितला असेल, पोलो ग्राउंड्समध्ये पाठ करून पळत खांद्यावरून घेतलेला. आठवी इनिंग, २-२, विक वर्ट्झने मारलेला तो बॉल, आणि तेव्हा सेकंड बेसवर रनर कोण होता? डोबी. बॉल डोक्यावरून जाणार असं धरून तो पुढे निघाला, कॅच झाल्यावर परत सेकंडला येऊन बेसला पाय लावावा लागला आणि मग थर्डपर्यंतच पोहोचला. बेसवर थांबून कॅच होताक्षणी निघाला असता तर इतक्या लांबून कदाचित होमपर्यंत आला असता. रन झाली नाही, आणि जायंट्सनी दहाव्या इनिंगला मॅच काढली. तो स्वतः सेंटर फील्डर, त्या बॉलचं अंतर त्याच्याइतकं कोणाला कळलं असणार, आणि त्याच्या अंदाजाने तो बॉल पकडता येण्यासारखा नव्हता. मेजच्या कॅचचं याहून मोठं प्रमाणपत्र मला माहीत नाही.

पुढचं पटकन सांगतो. १९५५ नंतर शिकागो व्हाइट सॉक्सला ट्रेड झाला, तिथे पहिल्याच वर्षी २४ होमरन, १०२ आरबीआय. मग दुखापती, परत क्लीव्हलंड, १९५९ ला डेट्रॉइट, जिथे तो त्या टीमचा पहिला आफ्रिकन-अमेरिकन खेळाडू ठरला, म्हणजे १९४७ नंतर बारा वर्षांनी! आणि परत शिकागो. १९५९ ला मेजर लीग संपली, १,५३३ मॅच, १,५१५ हिट, ९७० आरबीआय. १९६२ मध्ये जपानमध्ये चुनिची ड्रॅगन्सकडून खेळला, सोबत डॉन न्यूकम. मग कोचिंग, मॉंट्रियल आणि क्लीव्हलंडला. मॅनेजर व्हायची त्याची फार इच्छा होती, पण १९७५ मध्ये मेजर लीगचा पहिला कृष्णवर्णीय मॅनेजर फ्रँक रॉबिन्सन झाला, तोही क्लीव्हलंडला, डोबीच्याच शहरात. डोबीला ३० जून १९७८ ला व्हाइट सॉक्सनी मॅनेजर केलं, तेव्हा त्या टीमचा मालक परत बिल व्हेकच होता. ३७ विजय, ५० पराभव, आणि सिझन संपताच काम गेलं. त्याच्या आधीचा मॅनेजर होता बॉब लेमन, क्लीव्हलंडचा त्याचा जुना सहकारी, जो १९४६ च्या सिझनला सेंटर फील्डर म्हणून उतरला होता आणि पुढे पिचर म्हणून हॉल ऑफ फेमला गेला. एकाच टीममध्ये एक सेंटर सोडून पिचर झाला आणि दुसरा सेकंड सोडून सेंटरला आला, दोघांनीही नवं काम मुळापासून शिकून घेतलं.

मान मिळायला मात्र उशीर झाला, याचं मला वाईट वाटतं. क्लीव्हलंडने त्याचा १४ नंबर १९९४ ला रिटायर केला, म्हणजे पुढे कोणालाच न देण्याचं ठरवलं. हॉल ऑफ फेममध्ये १९९८ ला, शेवटच्या मॅचनंतर ३९ वर्षांनी, तेही पत्रकारांच्या मतांनी नाही, व्हेटरन्स कमिटीने (जुन्या खेळाडूंचा विचार करणारी समिती). तोवर रॉबिन्सनचा ४२ नंबर सगळ्या मेजर लीगमध्ये रिटायर झालेला होता. १८ जून २००३ ला न्यूजर्सीतल्याच मॉंटक्लेअरमध्ये डोबी गेला. काँग्रेसचं गोल्ड मेडल त्याच्या मुलाच्या हातात दिलं गेलं १३ डिसेंबर २०२३ ला, डोबीच्या शंभराव्या वाढदिवशी.

आता प्रोजेक्टचं. पोस्टरवर मधोमध १९४७ आणि १९४८ च्या आकड्यांच्या दोन ओळी एकाखाली एक लिहायला सांगा, ५ हिट आणि .१५६, खाली .३०१, आणि दोन्हीच्या मधे जागा सोडून टूसॉन आणि स्पीकर. तुम्ही एडिसनला आहात ना, मग एखाद्या रविवारी पॅटर्सनला जाऊन या, तासाभराचाही रस्ता नाही. हिंचक्लिफ स्टेडियम बरीच वर्षं पडीक होतं, २०२३ ला परत उघडलं, धबधब्याच्या अगदी शेजारी. मॅच असेल त्या दिवशी गेलात तर बाहेरून बघून परत फिरू नका, मुलाला आत आउटफील्डच्या बाजूला बसवा आणि बॅटचा आवाज आला की सेंटर फील्डरचं पहिलं पाऊल कुठे पडतं तेवढंच बघायला सांगा, बॉलकडे बघायचं नाही. आणि ग्रोमेकबरोबरचा तो फोटो लावणार असाल तर खाली ९ ऑक्टोबर १९४८, क्लीव्हलंड २, बोस्टन १ एवढं नक्की लिहा, बऱ्याच ठिकाणी तो फोटो तारीख आणि स्कोअरशिवाय लावलेला असतो आणि मग ते दोघं नेमके कशासाठी हसतायत तेच कळत नाही.